बाटलीतला चिखल, रंगांचे थर: घरी विनोग्राद्स्की स्तंभ लावताना

शाळेत जिवाणू आकारावरून शिकवले जातात: गोल, दंडाकार, मळसूत्री. परीक्षेपुरतं ते चालतं. पण तळ्यातल्या चिखलाचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरा, शेकडो जातींचे बारीक दंड एकसारखेच दिसतील. त्यातला कोण कुजका पाला खातो, कोण ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरून श्वसन करतो, कोण उजेडावर जगतो, याचा आकारावरून काही पत्ता लागत नाही. जिवाणूंचं वैविध्य त्यांच्या पोटापाण्याच्या रीतींत आहे, आणि ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचं असेल तर विनोग्राद्स्की स्तंभाइतकं, म्हणजे उजेडात ठेवलेल्या आणि जिवाणूंचे रंगीत थर धरणाऱ्या चिखलाच्या बाटलीइतकं, स्वस्त आणि खात्रीचं साधन दुसरं नाही. एक पारदर्शक बाटली, किलोभर चिखल, वर्तमानपत्राचं एक पान, दोन चमचे जिप्सम, एका अंड्याचं टरफल आणि खिडकीचा उजेड एवढ्यात काम भागतं.

सर्गेई विनोग्राद्स्की (१८५६–१९५३) यांचा जन्म कीव्हचा. १८८०च्या दशकात स्ट्रासबर्गला ते बेगियाटोआ या गंधकाशी संबंधित जिवाणूवर काम करत होते. एकेक जात वेगळी काढून पोषक रसावर वाढवायची पद्धत तेव्हा जोरात होती, पण बेगियाटोआ त्या रसावर वाढायला तयार नव्हता. म्हणून विनोग्राद्स्कींनी जिवाणूला त्याच्या नैसर्गिक परिस्थितीच्या जवळपास ठेवून पाहिलं. हायड्रोजन सल्फाइड मिळालं की त्याच्या पेशींत गंधकाचे कण साठतात, ते बंद झालं की कण संपतात. म्हणजे हा जीव गंधकाच्या संयुगांचं ऑक्सिडीकरण करून ऊर्जा मिळवतो, असं त्यांनी १८८७ मध्ये मांडलं. सूर्यप्रकाशही नाही, सेंद्रिय अन्नही नाही, तरी जगता येतं, ही त्या काळी नवीच गोष्ट होती. चिखलाचा स्तंभ त्याच कामातून आला.

सामान आणि त्यातल्या खाचाखोचा

बाटली सरळ भिंतींची, बिनखाचांची हवी. एक लिटरची पाण्याची किंवा सोड्याची बाटली चालते. तिचं वरचं निमुळतं तोंड कापून टाका आणि कापलेल्या कडेला चिकटपट्टी लावा, नाहीतर हात कापतो. लेबल आणि त्याखालचा गोंद पूर्ण काढा. उंच काचेची बरणी मिळाली तर अधिक चांगलं. प्लॅस्टिकमधून ऑक्सिजन अगदी हळूहळू आत झिरपतो, पण दोन-चार महिन्यांच्या प्रयोगात त्याने फारसं बिघडत नाही. उंची महत्त्वाची आहे: २५ सेंटिमीटरच्या आसपास असेल तरच वरून येणारा ऑक्सिजन आणि खालून येणारं सल्फाइड यांच्यात थर पडायला जागा मिळते. पसरट डबा घेऊ नका.

चिखल साधारण एक किलो, आणि ज्या जागेचा चिखल त्याच जागेचं पाणी अर्धा लिटर. नळाचं पाणी घालायची वेळ आलीच तर रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून मग वापरा, म्हणजे क्लोरीन उडून जाईल.

कार्बन म्हणून वर्तमानपत्र. रोजच्या आकाराचं एक पान म्हणजे सुमारे ८ ग्रॅम, एका बाटलीला तेवढं पुरे. गुळगुळीत रंगीत पुरवणी नको, साधा कागद घ्या आणि नखाएवढे तुकडे करा. कागद म्हणजे सेल्युलोज. ते सावकाश कुजतं, म्हणूनच ते वापरायचं. साखर किंवा पीठ घातलं तर आठवड्याभरात आंबून बाटलीभर बुडबुडे होतात आणि पुढची साखळी कोलमडते.

सल्फेट म्हणून जिप्सम किंवा प्लास्टर ऑफ पॅरिस, दोन सपाट चहाचे चमचे, म्हणजे ८ ते १० ग्रॅम. दोन्ही कॅल्शियम सल्फेटच आहेत. जिप्सम पाण्यात फार थोडं विरघळतं, लिटरला दोन-अडीच ग्रॅम, आणि नेमका हाच गुण कामाला येतो: तळाशी घातलेला साठा महिनोन्‌महिने थोडा थोडा सुटत राहतो. गणपतीच्या भंगलेल्या मूर्तीचा तुकडा घालायचा मोह होईल, पण त्यावरचा रंग चिखलात जाऊ देऊ नका. कोरं पीओपी दुकानात पन्नास-शंभर ग्रॅम सुटं मिळतं.

कार्बोनेट म्हणून एका अंड्याचं टरफल: धुऊन, वाळवून, कुटून. ते पाच-सहा ग्रॅम भरतं. आंबवण्यातून जी आम्लं तयार होतात ती हे टरफल मारतं, म्हणून ते हवं. इथे एक गफलत नेहमी होते. कृतीत ‘खडू’ लिहिलेला असतो म्हणून फळ्याचा खडू कुटून घालतात. आपल्याकडचे बरेचसे साधे खडू पीओपीचे असतात, म्हणजे कार्बोनेटच्या नावाखाली पुन्हा सल्फेटच पडतं. ओळखायची रीत सोपी आहे: खडूच्या भुकटीवर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका. फसफसला तर कार्बोनेट, नाही फसफसला तर जिप्सम. ‘डस्टलेस’ म्हणून विकला जाणारा खडू बहुधा फसफसतो. आणि पानाला लावायचा चुना कार्बोनेटच्या जागी कधीही घालू नका. तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड आहे. त्याने चिखलाचा सामू (pH) बाराच्या घरात जातो आणि बाटली मरते.

बऱ्याच कृतींत अंड्याचा पिवळा बलकही सांगितलेला असतो, गंधकासाठी. जिप्सम असेल तर त्याची गरज नाही. बलकाने घरभर दुर्गंधी सुटते आणि सल्फाइड एकदम जास्त तयार होतं, ज्यात रंगीत जिवाणूच टिकत नाहीत.

चिखल कुठला घ्यावा

उत्तम चिखल वरून करडा आणि दोन-तीन सेंटिमीटर खाली काळा असतो, आणि उकरला की सडक्या अंड्याचा वास येतो. काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा. याचा अर्थ सल्फेटवर जगणारे जिवाणू तिथे आधीच कामाला लागलेले आहेत. गावतळ्याचा काठ, भातखाचराचा कोपरा, पाझर तलावाची कड, कोकणातल्या आणि गोव्यातल्या खाजणाचा बांध, या चांगल्या जागा. कोरडी बागेतली माती, नदीची वाळू आणि नर्सरीतलं कोकोपीट यांतून फारसं काही निघत नाही.

खाडीचा आणि तळ्याचा चिखल यांत एक मोठा फरक आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे जवळजवळ २.७ ग्रॅम सल्फेट असतं, गोड्या पाण्यात त्याच्या कितीतरी पट कमी. म्हणून खाडीच्या चिखलात जिप्सम घालायची गरज नाही, पण वरचं पाणी मात्र खाडीचंच हवं. गोडं पाणी घातलंत तर खारं सोसणारे जिवाणू अडचणीत येतात आणि सल्फेटही पातळ होतं. कांदळवनात आणि अभयारण्यात परवानगीशिवाय उकरू नका, ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग त्यातच येतो. लोणार सरोवराचंही तसंच. तिथलं पाणी तीव्र अल्कधर्मी, सामू दहाच्या आसपास, त्यामुळे तिथले जिवाणू या साध्या कृतीत रमणारही नाहीत.

गटार, सांडपाण्याचा नाला, गोठ्याचं डबकं, रुग्णालयामागचा ओहोळ टाळा. तिथे रोगजंतू मिळण्याची शक्यता जास्त. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात आणि चिखलात लेप्टोचा धोका असतो. तोही एक मळसूत्री जिवाणूच, उंदरांच्या मूत्रातून आलेला. रबरी हातमोजे आणि गमबूट घाला, हातापायाला जखम असेल तर दुसऱ्याला पाठवा, आणि नंतर साबणाने हात धुवा. धनुर्वाताचे बीजाणूही मातीत असतात, तेव्हा ती लस झालेली असावी.

भरायचं कसं

चिखल आधी भोकाभोकाच्या चाळणीतून हाताने गाळून घ्या. काड्या, खडे, मुळं, गोगलगायी आणि गांडुळं निघाली पाहिजेत. गांडुळं आणि त्यांची बारीक पाणवठी भावंडं राहिली तर ती रोज वरखाली उकरून थर मोडतात. मग त्या जागेचं पाणी थोडं थोडं घालत इडलीच्या पिठाइतका सरसरीत करा. घट्ट राहिला तर हवेचे खिसे राहतात, पातळ झाला तर वाळू आधी बसते आणि कागद वर तरंगतो.

आता एक तृतीयांश चिखल वेगळ्या भांड्यात काढून त्यात कागद, जिप्सम आणि टरफलाची पूड नीट कालवा. हा बाटलीच्या तळाचा थर. तो ओतला की बाटली जमिनीवर ठेवलेल्या जाड कापडावर आपटा आणि लांब सळईने कडेकडेने ढवळून हवा काढा. नंतर उरलेला साधा चिखल त्यावर ओता, पुन्हा आपटा. वर तीन-चार सेंटिमीटर पाणी, त्यावर तेवढीच मोकळी जागा. पाणी ओतताना चमच्याच्या पाठीवरून ओघळू द्या, म्हणजे चिखल उडत नाही.

पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं असेल तर भरतानाच एक काम करा: दोन-तीन काचपट्ट्या चिखलाच्या वरच्या भागात, बाटलीच्या भिंतीलगत उभ्या खोचा आणि प्रत्येकीला नायलॉनचा दोरा बांधून तो बाहेर काढून ठेवा. जिवाणू त्या काचेवर थराथराने चिकटून वाढतात आणि नंतर पट्टी वर ओढली की थर न विस्कटता हाती येतो.

तोंडावर पातळ प्लॅस्टिक ताणून रबर लावा आणि सुईने दोन टोचे मारा. बूच घट्ट लावू नका, आत कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन तयार होतो आणि कोंडला तर बाटली फुगते. पण उघडीही ठेवू नका, आठवड्यात डासांच्या अळ्या दिसतील. डेंगीच्या तपासणीला आलेल्या कर्मचाऱ्याला ‘हा जिवाणूंचा प्रयोग आहे’ हे सांगून पटत नाही.

बाटलीवर तारीख, जागा आणि काय काय घातलं ते लिहा. पातळीची रेघ मारून ठेवा, पाणी आटलं की त्या रेघेपर्यंत भरा. ढवळायचं नाही, हलवायचं नाही, आणखी काही खायला घालायचं नाही. पहिल्या दहा दिवसांत काहीच होत नाही असं वाटून चमचाभर साखर टाकणारेच सगळ्यात जास्त बाटल्या घालवतात.

उजेडाचा प्रश्न

उत्तरेकडची किंवा सावलीतली खिडकी, जिथे दिवसभर भरपूर पण अप्रत्यक्ष उजेड येतो. थेट ऊन लागलं तर बाटली तापते आणि वरचं शेवाळ सगळं व्यापून टाकतं. तापमान २० ते ३० अंश असेल तर बरं. विदर्भात मे महिन्यात हे लावू नका. पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू केलेला स्तंभ बहुधा सगळ्यात चांगला येतो.

खिडकी नसेल तर दिवा, पण कुठला दिवा हे नीट समजून घ्या. खालच्या रंगीत थरांतल्या जांभळ्या जिवाणूंचं हरितद्रव्य मुख्यतः ८०० ते ९०० नॅनोमीटरचा उजेड घेतं, हिरव्या गंधक-जिवाणूंचं साधारण ७५०च्या आसपास. हे सगळं अवरक्त पट्ट्याकडचं, आपल्या डोळ्यांना न दिसणारं. पांढरा एलईडी आणि सीएफएल यांचा उजेड ७००च्या पुढे जवळपास संपतो. म्हणून एलईडीखाली ठेवलेल्या बाटलीत वरचा हिरवा थर झकास येतो आणि खालचे लाल-जांभळे पट्टे रखडतात, आणि लोक दोष चिखलाला देतात. जुन्या पद्धतीचा ४० किंवा ६० वॉटचा तारेचा बल्ब, किंवा कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला वापरतात तो, एक-दीड फुटावरून लावा. बाटलीला हात लावून बघा, कोमट लागली तर दिवा लांब सरकवा.

बाटली फिरवू नका. उजेड काचेपासून चिखलात जेमतेम एक-दोन मिलिमीटर शिरतो, आतला सगळा गाळ काळोखातच असतो. खिडकीकडची बाजू रंगेल आणि पाठची बाजू काळी-करडी राहील. ती पाठ म्हणजे फुकटात मिळालेली तुलना.

काय, कधी आणि का दिसतं

पहिल्या आठवड्यात चिखलातला ऑक्सिजन संपतो. चिखलातले नेहमीचे जिवाणू तो दोन-चार दिवसांत वापरून टाकतात आणि पाणी-चिखलाच्या सीमेखाली ऑक्सिजन उरत नाही. मग तळाला क्लॉस्ट्रिडियम आणि त्याच्या जातकुळीतले जिवाणू कागदाला लागतात. ते सेल्युलोज तोडून साखर करतात आणि ती आंबवून ॲसिटेट, अल्कोहोल, सक्सिनेट, हायड्रोजन असं काय काय बाहेर टाकतात.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तळ काळा पडू लागतो. डिसल्फोव्हिब्रिओसारखे जिवाणू क्लॉस्ट्रिडियमने टाकलेली ती द्रव्यं खातात, आणि आपण जसा ऑक्सिजन वापरतो तसं सल्फेट वापरतात. श्वसनाचा टाकाऊ पदार्थ म्हणून त्यांच्याकडून पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड निघतं. चिखलातल्या लोहाशी ते जुळलं की काळं आयर्न सल्फाइड. लोह संपलं की मोकळं सल्फाइड वर सरकायला लागतं, आणि खऱ्या रंगांचा खेळ तिथून सुरू होतो.

आता बाटलीत दोन उलटे उतार तयार झालेले असतात: सल्फाइड खाली जास्त, वर कमी, आणि ऑक्सिजन वर जास्त, खाली शून्य. प्रत्येक जिवाणू आपल्याला सोसेल त्या उंचीवर ठाण मांडतो. चौथ्या ते आठव्या आठवड्यात काळ्या भागाच्या वर शेवाळी हिरवे डाग दिसतात, ते क्लोरोबियमसारखे हिरवे गंधक-जिवाणू. त्यांच्या वर लालसर-जांभळे, ते क्रोमॅटियम आणि त्याचे नातेवाईक. दोघेही प्रकाशसंश्लेषण करतात, पण पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड फोडतात, त्यामुळे ऑक्सिजन बाहेर पडतच नाही, गंधक पडतं. क्रोमॅटियम ते गंधक पेशीच्या आत कणांच्या रूपात साठवतो, क्लोरोबियम बाहेर टाकतो. हिरवे खाली आणि जांभळे वर का, याचं तळ्यातलं उत्तर उजेडाशीही जोडलेलं आहे: हिरवे फार मंद उजेडात तग धरतात. बाटलीत मात्र उजेड बाजूने, सगळ्या उंचीवर सारखाच येतो. तरीही क्रम तोच राहतो, कारण इथे तो सल्फाइड सोसण्याच्या ताकदीवर ठरतो आणि हिरव्यांची ताकद जास्त.

त्याच्या वर, सल्फाइड अगदी थोडं उरलेलं असतं तिथे, तांबूस किंवा गंजकट पट्टा येतो. रोडोस्पिरिलम, ऱ्होडोस्यूडोमोनास वगैरे. त्यांना उजेड ऊर्जेसाठी हवा, पण शरीर बांधायला ते बहुधा सेंद्रिय आम्लं वापरतात. यांना सल्फाइड जास्त झालेलं चालत नाही. अगदी पाणी-चिखलाच्या सीमेवर कधी पांढुरका पातळ पडदा दिसतो. तो बेगियाटोआ किंवा त्यासारख्या रंगहीन गंधक-जिवाणूंचा. त्यांना ऑक्सिजनही हवा आणि सल्फाइडही, त्यामुळे दोघांची भेट होते तेवढीच जागा त्यांना मिळते. तिथलं पाणी दुधट झालं तर घाबरू नका, तो गंधक आहे.

सगळ्यात वर, पाण्यात आणि काचेवर, हिरवं. यात ऑसिलेटोरिया, ॲनाबीना, नॉस्टॉक असे नील-हरित जिवाणू असतात आणि त्यांच्यासोबत खरी शैवालंही. वरची ही मंडळीच बाटलीत ऑक्सिजन तयार करतात. पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन पहिल्यांदा आला तोही नील-हरित जिवाणूंमुळेच, साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी त्याचं प्रमाण वाढू लागलं. त्याआधीचं जग या बाटलीच्या खालच्या अर्ध्या भागाशी जवळचं होतं.

पुस्तकातल्या चित्रासारखे आखीव पट्टे मात्र क्वचितच येतात. डाग येतात, ठिगळं येतात, एखाद्या कागदाच्या तुकड्याभोवती जांभळं वर्तुळ येतं. तेच खरं. चित्रात क्रम सोपा करून दाखवलेला असतो.

एक इशारा रंगाबद्दल. गुलाबी दिसलं की जांभळे जिवाणूच, असं धरू नका. २०२०च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत कारण निघालं ते हॅलोआर्किया, म्हणजे मिठाची आवड असलेले आर्किया. ते दिसायला जिवाणूंसारखे, पण वंशावळीने वेगळेच. तुमच्या बाटलीतले मिथेन बनवणारे सूक्ष्मजीवही आर्कियाच आहेत, फक्त त्यांना रंग नसल्याने ते बुडबुड्यांवरूनच कळतात.

बिघडतं तेव्हा

बाटली नखशिखांत काळी झाली आणि रंग आलेच नाहीत, तर अन्न जास्त पडलं. कागद किंवा बलकाचा अतिरेक झाला की सल्फाइड इतकं वाढतं की जांभळेही मरतात. अशी बाटली टाकू नका, तीन महिने तशीच ठेवा. कागद संपत आला की कधी कधी वरून रंग उतरू लागतात. नव्याने लावताना कागद निम्मा करा.

बाटली सगळी हिरवी झाली, तर ऊन लागतंय किंवा पाण्यात खत आहे. शेताजवळच्या तळ्यात नायट्रेट असतं, आणि ते दुहेरी नुकसान करतं: वर शेवाळ वाढवतं आणि खाली सल्फेटचं श्वसन मागे ढकलतं, कारण नायट्रेटवर श्वसन करणाऱ्यांना त्यातून जास्त ऊर्जा मिळते. खिडकी बदला आणि पुढच्या वेळी दुसऱ्या तळ्याचं पाणी घ्या.

चिखल मधोमध फाटून वर उचलला गेला, तर गॅस अडकलाय. बारीक सळई भिंतीलगत एकदाच सावकाश खाली घालून वाट करून द्या. रोज टोचत बसलात तर त्याच वाटेने ऑक्सिजन खाली जातो आणि त्या रेघेत रंग कधीच येत नाहीत.

दीड महिना होऊनही तळ करडाच आहे आणि वासही नाही, तर चिखल वांझोटा आहे किंवा सल्फेट पडलेलं नाही. खडूची ती गफलत उलट बाजूने इथेही होते: पीओपी समजून कार्बोनेटचा खडू घातलेला असतो.

वास पहिल्या दोन-तीन आठवड्यांत येणारच. वरचा थर जमला की सल्फाइड वाटेतच खाल्लं जातं आणि वास बराच कमी होतो. महिन्यानंतरही वास तसाच असेल तर वरचा थर जमलेला नाही, उजेड वाढवा.

तुलनेच्या बाटल्या

एकाच चिखलाच्या चार बाटल्या लावल्या तर एका बाटलीपेक्षा कितीतरी जास्त कळतं. एक नेहमीची. दुसरी पूर्ण ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळलेली: ती काळी होईल, पण हिरवा-जांभळा रंग येणार नाही. तिसरी कागदाशिवाय: खाणंच नसल्याने सल्फाइड नीट तयार होत नाही. चौथी जिप्समशिवाय: तळ्याच्या चिखलात हिचा काळेपणा उशिरा आणि फिका येतो, मिथेनचे बुडबुडे मात्र जास्त, कारण सल्फेटवाले नसले की तेच अन्न मिथेनवाल्यांना मिळतं. एखाद्या बाटलीत लोखंडी खिळा घातला तर त्याच्याभोवती काळं वलय धरतं.

रंगीत जिलेटीन कागद गुंडाळून ‘लाल उजेडात काय, निळ्यात काय’ असं पाहणारे बरेच असतात. तो कागद डोळ्यांना निळा दिसला तरी अवरक्त उजेड बहुधा आरपार जाऊ देतो. त्यामुळे जांभळ्या जिवाणूंना त्याने फारसा फरक पडत नाही, आणि निष्कर्ष चुकतात.

काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली

दोन महिन्यांनी दोरा धरून पट्टी सरळ वर ओढा. एक बाजू पुसून काढा, दुसऱ्या बाजूला हव्या त्या थरावर पाण्याचा थेंब आणि आच्छादन-काच ठेवा. १०० पट विशालनाला नील-हरित जिवाणूंचे धागे दिसतात, ऑसिलेटोरिया तर सावकाश सरकताना. ४०० पटीला जांभळ्या थरात जाडसर दंड दिसतील, आत चकाकणारे गंधकाचे कण. मोठ्या जातीचा क्रोमॅटियम दहा मायक्रॉनच्या घरात जातो, जो नेहमीच्या दोन मायक्रॉनच्या जिवाणूपुढे अवाढव्यच. हवा लागल्यावर तो मंदावतो, म्हणून पट्टी काढल्याबरोबर बघा. क्लोरोबियम एक मायक्रॉनहून बारीक, तो १००० पटीला तेल लावूनही नुसता ठिपका दिसतो.

ग्रॅम रंजन (रंगवून जिवाणूंचे जांभळे आणि लाल असे दोन गट पाडायची पद्धत) करायचं तर पातळ लेप वाळवून ज्योतीवरून तीनदा फिरवा. मग क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, पाणी, ग्रॅमचं आयोडीन १ मिनिट, पाणी, ९५ टक्के अल्कोहोल ५ ते १० सेकंद, लगेच पाणी, सॅफ्रानिन ४५ सेकंद, पाणी. सगळी चूक अल्कोहोलपाशी होते: जास्त वेळ लागला तर जांभळे राहायला हवेत तेही लाल निघतात, आणि लेप जाड असेल तर उलट. म्हणून त्याच काचपट्टीच्या दुसऱ्या टोकाला पाण्यात विरळ केलेल्या दह्याचा लेप घ्या. दह्यातले जिवाणू जांभळेच दिसले पाहिजेत. ते लाल दिसले तर चिखलाच्या निकालावर विश्वास ठेवू नका. निकाल बरोबर असेल तर क्रोमॅटियम लाल आणि तळाच्या थरातला क्लॉस्ट्रिडियम बहुधा जांभळा दिसेल, कधी एका टोकाशी फुगलेला. त्या फुगवट्यातला न रंगलेला भाग म्हणजे बीजाणू.

आवरताना

बाटली घराबाहेर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून रिकामी करा. चिखल खड्ड्यात पुरला की झालं. मोरीत ओतू नका, जिप्सम आणि गाळ पाइपात बसतो. काळ्या चिखलावर टॉयलेट क्लीनर किंवा कुठलंही आम्ल कधीही टाकू नका: आयर्न सल्फाइडमधून हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतं आणि बंद न्हाणीघरात ते जिवावर बेतू शकतं. बाटली नुसत्या पाण्याने पुरेशी धुऊन मगच ब्लीचिंगच्या पाण्यात तासभर बुडवा.

पुन्हा लावायचं असेल तर जांभळ्या थरातला दोन चमचे चिखल बाजूला काढा, छोट्या बाटलीत पाण्याने काठोकाठ भरून बूच लावा आणि मंद उजेडात ठेवा. नव्या स्तंभाच्या मधल्या थरात तो घातला की रंग बरेच लवकर येतात.